कान्हेरीची चित्रे काढणारे वेल्ससाहेब

यंदा आमच्या शाळेची सहल बोरिवलीला कान्हेरीची लेणी बघायला गेली होती. तिथे डोंगरात काळ्या दगडात कोरलेली शंभराच्या वर लेणी आहेत. पूर्वी त्यांत बौद्ध भिक्षू राहात. पाण्याची टाकीसुद्धा दगडातच खोदलेली आहेत.

मोठ्या चैत्यगृहापाशी माझ्या हातून चूक झाली. कोणी बघत नाही असे पाहून मी दगडाने भिंतीवर माझ्या नावाचे पहिले अक्षर कोरले. नेमके गुरुजींनी बघितले. मला वाटले, आता छडी बसणार. पण गुरुजी म्हणाले, "बस इथे. तुला एका चित्रकाराची माहिती सांगतो." ती माहिती अशी.

जेम्स वेल्स यांचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडमधील पीटरहेड या गावी झाला. १७९१ साली ते मुंबईला आले. पुण्याला जाऊन त्यांनी सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चित्रे रंगवली. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. आपले गंगाराम तांबट हे चित्रकार वेल्ससाहेबांजवळ शिकले. गंगाराम यांनी आधीच, १७९० साली, पेशव्यांच्या गेंड्याचे चित्र काढले होते!

वेल्ससाहेबांना देखावे आणि लेणी यांची फार आवड. मुंबईचे देखावे तर त्यांनी काढलेच, शिवाय घारापुरी, कान्हेरी, वेरूळ इथली लेणीही काढली. तेव्हा कॅमेरा नव्हता. आगगाडी तर १८५३ साली आली. म्हणजे मुंबईहून होडीने खाडी ओलांडायची, मग रानातून डोंगर चढायचा आणि एकेक खांब बघून हातानेच काढायचा. १७९३ साली थॉमस व विल्यम डॅनियल हे काका-पुतणे चित्रकार मुंबईला आले. तेही वेल्ससाहेबांबरोबर लेणी बघायला गेले.

लेण्यांचे काम चालू असतानाच वेल्ससाहेब आजारी पडले आणि १७९५ च्या नोव्हेंबरात ठाण्याला वारले. त्यांच्या मुंबईच्या बारा देखाव्यांचे पुस्तक १८०० साली लंडनला निघाले. वेरूळच्या चित्रांचे पुस्तक थॉमस डॅनियल यांनी १८०३ साली काढले. ती बघायला वेल्ससाहेब नव्हते.

मग गुरुजींनी मला कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाले, "आता तू एक खांब काढ बरं." आमच्या देखाव्यात नेहमी दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी असते. ते मला पटकन जमते. पण खांब काही केल्या जमेना. खोडून खोडून कागद फाटला. डबा खायची वेळ झाली तरी खांब अर्धाच! तेव्हा मला कळले की, ज्यांनी हा खांब दगडात कोरला त्यांना किती दिवस लागले असतील.

निघताना मी ते अक्षर ओल्या रुमालाने खूप पुसले. पण ते गेले नाही. मला फार वाईट वाटले.

माझा अर्धा खांब शेजारी चिकटवला आहे. तो बघा, पण लेण्यांत गेलात तर भिंतीवर काही लिहू नका.

(इयत्ता चौथी)