मुलगी म्हणते, मला स्पिनर व्हायचंय

"आधी दहावी होऊ दे, मग बघू." हिंगोलीत काय, वसमत-कळमनुरीत काय, मुलीने क्रिकेटचं नाव काढलं की घरातून हेच उत्तर येतं. ते काळजीपोटी येतं हे मान्य. पण फिरकी गोलंदाजीत हीच थांबलेली वर्षं सगळ्यात महाग पडतात, कारण हात वळायला लागतो तो अकरा-बारा ते सोळा या वयातच.

कोल्हापूरची अनुजा पाटील ऑफस्पिनर. मुंबई-पुण्याबाहेरची ही मुलगी 2012 मध्ये श्रीलंकेतल्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात भारताकडून खेळली, पुढे महाराष्ट्राची कर्णधारही झाली. पुण्याची लेगस्पिनर देविका वैद्य सतरा वर्षांची असताना, 2014 मध्ये भारतीय संघात आली. 2018 नंतर मात्र तिला संघात जागा नव्हती. डिसेंबर 2022 मध्ये ती परतली आणि नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर चौकार मारून तिने सामना बरोबरीत आणला. दोनच महिन्यांनी महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तिच्यावर 1 कोटी 40 लाखांची बोली लागली. पालकांना हा आकडा लगेच दिसतो. माझं म्हणणं, त्याआधीची चार वर्षं बघा. या करिअरमध्ये तशी वर्षं येतातच, आणि तेव्हा घर पाठीशी लागतं.

जिल्ह्याच्या गावातल्या मुलीला मी फिरकीच का सुचवेन? वेगवान गोलंदाजीला उंची, जिम, फिजिओ लागतो. फिरकीला एक चेंडू, बावीस यार्ड जागा आणि रोजचा वेळ लागतो. टप्प्यावर रुमाल टाकायचा आणि त्यावर चेंडू पाडत राहायचं. ऑफस्पिनमध्ये तर्जनीचं पेर शिवणीवर घट्ट बसतं. महिनाभरात तिथली कातडी सोलवटते, मग घट्टा पडतो. एक गोष्ट प्रशिक्षकाला जरूर विचारा: सरावाला चेंडू कोणता देता? महिलांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांचा 156 ते 163 ग्रॅमचा. मुलांसोबत सराव करणाऱ्या मुलीच्या हाती बहुतेकदा मोठाच चेंडू येतो आणि पकड बिघडते. नुसत्या टेनिस बॉलवर वर्षं घालवली तर शिवण वापरायची सवयच लागत नाही.

आता वाट. हिंगोली जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. शेजारचे वाशिम आणि यवतमाळ मात्र नागपूरच्या विदर्भ असोसिएशनकडे आहेत. त्यामुळे कोणाच्या निवड चाचणीला जायचं, हे आधीच विचारून घ्या. पुढे 15, 19 आणि 23 वर्षांखालील राज्य संघ, मग वरिष्ठ संघ. 19 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक 2023 मध्ये सुरू झाला. 2023 आणि 2025, दोन्ही वेळा भारतच जिंकला. नोव्हेंबर 2025 मध्ये वरिष्ठ संघानेही विश्वचषक आणला. त्या स्पर्धेत सर्वाधिक 22 बळी घेणारी दीप्ती शर्मा ऑफस्पिनरच.

पैशांचं स्पष्ट बोलू. 2022 मध्ये बीसीसीआयने महिलांचं मानधन पुरुषांइतकं केलं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6, टी-ट्वेन्टीला 3. पण तिथवर मोजक्याच मुली पोचतात, म्हणून मधल्या पायऱ्यांचा हिशेब मांडा. रेल्वे क्रीडा कोट्यातून महिला क्रिकेटपटूंना नोकरी देते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रमाणपत्र पडताळणीत टिकायला हवं. त्यामुळे फी भरून दिल्या जाणाऱ्या चकचकीत 'राष्ट्रीय' प्रमाणपत्रांपासून दूर राहा आणि शाळेच्या संघाची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा.

शाळा सोडायची गरज नाही. सकाळी दीड तास गोलंदाजी, संध्याकाळी अभ्यास, रविवारी सामना, एवढं जमतं. आणि जन्मदाखल्यावरची तारीख व शाळेतली तारीख आजच ताडून पाहा. फरक असेल तर निवडीच्या वेळी तोच आडवा येतो.