सुटलेला गुंडा कुठे थांबतो?

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात सास्तूर हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर माहीत झाले. या भागातल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हुरड्याला आली की पाखरांचे थवे उतरतात. मग मचाणावर उभे राहून गोफण फिरविण्याचे काम पुष्कळदा मुलांकडे येते. गोफण हाती घेणारा प्रत्येकजण नेम धरायला शिकतो. पण नेम चुकला तर गुंडा कुठे जाईल? आज तेवढेच पाहू या.

गोफणीचे गणित

समजा, गोफणीची दोरी हातासह १ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढते आणि एका सेकंदात ५ फेरे होतात. वर्तुळाचा परीघ सुमारे ६.२८ मीटर; म्हणून गुंड्याचा वेग सेकंदाला ३१.४ मीटर, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर! पन्नास मीटर उंचीवरून पडलेला दगड जमिनीवर आदळताना साधारण याच वेगाने येतो (हवेचा विरोध सोडून). एवढ्या उंचीवरून कोणाच्या डोक्यावर दगड टाकण्याची कल्पनाही तुम्ही करणार नाही.

आता दिशा पाहा. दोरीचे टोक सोडताच गुंडा वर्तुळाच्या स्पर्शरेषेत सुटतो. एका फेऱ्याला १/५ सेकंद लागतो, म्हणून १/१०० सेकंदात गोफण १८ अंश फिरते. गोफण डोक्यावर आडवी फिरत असेल आणि टोक एवढ्याशा काळाने उशिरा सुटले, तर ५० मीटर अंतरावर गुंडा नेमापासून सुमारे १६ मीटर बाजूला जातो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! म्हणजे गोफण फिरत असताना ‘मी तर पलीकडे मारत होतो’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. चारही बाजू मोकळ्या हव्यात. ज्वारीच्या ताटांत वाकून काम करणारे माणूस दिसत नाही, म्हणून आधी हाक द्यावी, उत्तर येते का पाहावे आणि मगच गोफण उचलावी.

बंदुकीचा धडा

राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे एनसीसीत, विद्यार्थ्यांना .२२ रायफल चालवायला शिकवितात. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, पण वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. पंचवीस मीटरवरचे लक्ष्य ती ०.०८ सेकंदात गाठते. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने जेमतेम ३ सेंटिमीटर खाली येते. पण लक्ष्य चुकले तर? नळी थोडी वर असली की हीच गोळी सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. म्हणूनच गोळीबाराच्या मैदानावर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असतो. सास्तूरच्या सपाट रानात असा बांध कुठे आहे? तिथे लक्ष्यामागे असते शेजाऱ्याचे शेत, पाणंद, शाळेची वाट.

या शिक्षणातले नियम थोडे आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. नळी माणसाकडे कधीही वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, हे जाणल्याशिवाय चाप ओढू नये. शेवटचा नियम गोफणीलाही तसाच लागू आहे.

दाखला कशाचा?

अमेरिकेत शिकारीला परवानगी आहे. तिथे न्यूयॉर्क राज्याने १९४९ साली तरुण शिकाऱ्यांना असे शिक्षण सक्तीचे केले. पुढे इतर राज्यांनीही तेच केले. अभ्यास व परीक्षा झाल्यावर दाखला मिळतो. तो अचूक नेमबाजीबद्दल नसतो, धोका ओळखता येतो याबद्दल असतो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची तरतूदच गेली. कायद्यातील शिकार या शब्दात मारणे, जखमी करणे, पकडणे आणि तसा प्रयत्नही येतो. हत्यार बंदूक असो की गलोल. काळविटाला तर सर्वांत कडक संरक्षण आहे. रानडुकराने पिकाची नासाडी केली, तर वनखात्याकडे तक्रार करून भरपाई मागावी.

शस्त्राच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षिततेचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. शाळकरी विद्यार्थ्यांसाठी जवळचा मार्ग एनसीसीचा. तिच्या कनिष्ठ विभागाची परीक्षा दिली की ‘ए’ प्रमाणपत्र मिळते. त्या अभ्यासात शस्त्र हाताळणीही असते. गोफणीला मात्र ना परवाना, ना परीक्षा. तो दाखला आपला आपणच मिळवायचा.

करून पाहा

मऊ कागदाचा बोळा दोऱ्याला बांधून मोकळ्या मैदानात शिक्षकांसमोर डोक्यावर आडवा फिरवा. समोरच्या झाडाकडे जावा अशा बेताने दोरा दहा वेळा सोडा. प्रत्येक वेळी बोळा जिथे पडेल तिथे खूण करा. किती खुणा झाडाच्या रोखाने आल्या?

प्रश्न

१. सेकंदाला ३ फेरे झाल्यास १/१०० सेकंदाच्या उशिराने दिशा किती अंश बदलेल?
२. दोरी दीडपट लांब केली, पण फेरे तेवढेच ठेवले, तर वेग किती होईल?
३. तुमच्या शेतात गुंडा टाकण्यास सुरक्षित दिशा कोणती? नकाशा काढून दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नका. ते घरी दाखवा आणि सर्वांनी मिळून एकदा बांधावर उभे राहून तपासा.