अठरा पूर्ण व्हायच्या आत

बालगृहातल्या मोठ्या मुलीला प्रत्येक पाहुणा एक ठरलेला प्रश्न विचारतो, "पुढे काय व्हायचंय?" नर्स, पोलीस, शिक्षिका अशी उत्तरं आम्हीही पाठ करून ठेवलेली असायची. अठरा पूर्ण झाल्यावर राहणार कुठे, हे मात्र मला कोणी विचारलं नाही. मी आता एका खासगी रुग्णालयात नर्स आहे आणि भाड्याच्या का होईना, माझ्या नावावर करार असलेल्या खोलीत राहते. आज सोळा-सतराच्या असलेल्या मुलींसाठी हे लिहिते आहे. मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

माझ्या फाइलमधला शेवटचा शेरा होता: 'मामांच्या ताब्यात देऊन पुनर्वसन.' कागदावर तो अगदी चोख दिसतो. मामा वाईट माणूस नव्हे. पण घर दोन खोल्यांचं, त्यांचीच तीन मुलं, आणि मी त्या घरी आजवर दिवाळीच्या सुट्टीपुरतीच गेलेली. मामी सुरुवातीला गप्प राहिली, मग शेजारणींकडे माझ्या लग्नाचा विषय काढू लागली. स्थळही हेरून ठेवलेलं होतं. मी पुणं गाठलं. हडपसरला एका खोलीत कॉट बेसिसवर राहिले आणि दिवसभर मेडिकलच्या दुकानात काम केलं. सरकारदरबारी मात्र माझं प्रकरण केव्हाच बंद झालं होतं, कारण नोंदीप्रमाणे मी घरी सुखरूप होते.

त्या कॉटआधी बऱ्याच खोल्या हातच्या गेल्या. "गाव कुठलं? वडील काय करतात? आडनाव काय, म्हणजे तुम्ही कोण?" बालगृहाचं नाव घेतलं की समोरचा आवाज बदलायचा. एका मालकीणबाईंनी सरळच विचारलं, "पोरी, रात्रीबेरात्री तुला काही झालं तर आम्ही फोन कोणाला करायचा?" तेव्हा मला राग आला होता. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि माझ्यापाशी त्याचं उत्तर नव्हतं.

दुसरी अडचण पैशाची. तीही पैसे नसण्याची नव्हे, असलेले हाती न येण्याची. बालगृहात असताना उघडलेल्या खात्याला आणि आधारला नंबर जोडला होता अधीक्षक मॅडमचा. त्यांची बदली झाली होती. पगार खात्यात पडायचा आणि ओटीपी जायचा दुसऱ्या जिल्ह्यात, मॅडमच्या फोनवर. त्या बैठकीत असल्या की मी दुकानाच्या काउंटरवर ताटकळत बसायची. भाड्याची तारीख कोणासाठी थांबत नाही.

संस्था सोडल्यानंतरच्या मदतीबद्दल, म्हणजे अनुरक्षण योजनेबद्दल, मला कळलं ते माझ्याच बालगृहातून माझ्यानंतर बाहेर पडलेल्या एका मुलीकडून. तिला बालकल्याण समितीचा आदेश मिळाला होता, दरमहा पैसे मिळत होते, राहायची सोय झाली होती. मी अर्ज केला तेव्हा एकविशीची मर्यादा जवळ आली होती. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत ती उलटूनही गेली. पुढे एका संस्थेने वसतिगृहात जागा दिली म्हणून माझं नर्सिंग झालं. पण सगळ्यांनाच अशी संस्था भेटत नाही.

आता कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी १८ ते २१ या वयात अनुरक्षणाची तरतूद आहे. खास परिस्थितीत नियमांनुसार ती आणखी दोन वर्षं वाढवता येते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरतं सामूहिक घर, शिक्षण-प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, समुपदेशक असं बरंच काही लिहिलं आहे. मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत आणि ते थेट खात्यात जमा व्हायचे असतात.

मेख अशी की कायद्याचं ४६ वं कलम ही मदत 'देता येईल' एवढंच म्हणतं, दिलीच पाहिजे असं नाही. इंग्लंडमध्ये हीच जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर कायद्याने टाकलेली आहे. तिथे देखभालीतून बाहेर पडलेल्या तरुणाला, त्याने मागितल्यास, पंचविशीपर्यंत सल्लागार द्यावा लागतो. आपल्याकडे जो मागतो आणि वेळेत मागतो, त्याचीच फाइल पुढे सरकते. म्हणून काही गोष्टी बालगृहात असतानाच उरका.

पहिली गोष्ट, तुमचा पुनर्वसन आराखडा स्वतः वाचा. तुम्ही बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्यांनी किंवा बालकल्याण अधिकाऱ्यांनी तो समितीपुढे ठेवायचा असतो. त्यात राहण्याच्या जागेपुढे काय लिहिलं आहे ते पाहा. नातेवाइकाचं नाव असेल तर त्या घरात झोपायला जागा आहे का, शिक्षण चालू राहील का, लग्नाची घाई होईल का, हे तुम्हीच समितीला सांगा. तिथे जायचं नसेल तर तसं स्पष्ट बोला. आपल्या बाबतीतल्या निर्णयात आपलं म्हणणं ऐकलं जाणं हे कायद्याचंच तत्त्व आहे.

दुसरी गोष्ट, अनुरक्षणाची मागणी लेखी करा. बालकल्याण समितीच्या नावे साधा अर्ज पुरतो: माझं वय अमुक, शिक्षण अमुक, अमुक तारखेला १८ पूर्ण होतात, राहण्याची सोय नाही, अनुरक्षणाचा आदेश व्हावा. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "बघू, करू" याची पोच मिळत नाही. आईवडील हयात आहेत म्हणून हक्क नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. अनुरक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे, फक्त अनाथांसाठी नाही.

अनाथ प्रमाणपत्र हा वेगळा विषय. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी हा दाखला लागतो. निकषात बसत असाल तर संस्थेमार्फतच प्रस्ताव पाठवायला लावा. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदी शोधत हिंडणं फार जड जातं.

तिसरी गोष्ट, मूळ कागद ताब्यात घ्या. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, पासबुक, समितीच्या आदेशांच्या प्रती. आधारला आणि बँक खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्या. त्यासाठी सिम तुमच्या नावावर लागतं, आणि ते १८ पूर्ण झाल्यावर मिळतं. म्हणून हे एक काम अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात करा, गाव सोडायच्या आधी.

चौथी गोष्ट, जागेचे सगळे पर्याय विचारा. शासकीय अनुरक्षणगृहं मोजकीच आहेत, मुलींसाठी तर आणखी कमी. त्यामुळे एकाच नावावर विसंबू नका. स्वयंसेवी संस्थांची सामूहिक घरं, सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं, नोकरी करणाऱ्या महिलांची वसतिगृहं यांचीही चौकशी करा. जागा एकदा डोळ्यांनी पाहून या. दार किती वाजता बंद होतं, रात्रपाळी चालते का, सोडायचं तर किती आधी सांगावं लागतं, अनामत परत कधी मिळते, हे आधीच विचारा. खासगी खोली घेतलीत तर भाडेकरार नोंदवलेलाच हवा. तुमच्या पत्त्याचा तोच पुरावा. योजनेचे पैसे उशिराही येतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर भाड्याचा शब्द देऊ नका. कॉटचं भाडं आणि डबा धरला तर चार हजारांतलं हाती फारसं उरतही नाही.

एक धावपळ वाचावी म्हणून सांगते. जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभाग असतो, पण आपलं काम तिथलं नाही. आपल्याला जायचं ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचीही चौकशी तिथेच करा. १०९८ हा नंबर अठराच्या आतल्यांसाठी आहे. त्यानंतर महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२.

दोन शब्द मोठ्यांसाठी. वाढदिवसाला आणि पितृपक्षात बालगृहात गोडाचं जेवण द्यायला माणसं येतात, तारखा आधीच भरलेल्या असतात. आम्ही ते आनंदाने जेवलो आहोत. पण अठराव्या वर्षी मुलीला जिलेबीपेक्षा खोलीची अनामत आणि करारावर संदर्भ म्हणून एक नाव जास्त लागतं. पुढच्या वेळी अधीक्षकांना विचारा, यंदा कोण बाहेर पडतंय? त्यातल्या एकीला तुमचा नंबर द्या आणि तिने लावला तर उचला. मालकीणबाईंच्या त्या प्रश्नाला उत्तर असलं की खोली मिळते.

आणि तुम्ही मुलींनो, सतरावं लागलं असेल तर या आठवड्यात दोन कामं करा: परिविक्षा अधिकाऱ्यांकडे आपला आराखडा मागा आणि समितीला अर्ज लिहा. लिहिताना अडलं तर बालगृहातल्या मावशींना नाहीतर शाळेतल्या बाईंना विचारा. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, पोच मात्र घेतल्याशिवाय उठू नका.