मशीन कशापाशी थांबतंय, ते आधी बघ

माय, हैदराबादेहून आणलेलं तुझं एचपीचं झेड६२० आजवर अल्बम आणि मिक्सिंगचं सगळं काम ओढत आलं. आता फोर-केचं शूटिंग यायला लागलं, टाइमलाइन अडखळायला लागली, म्हणून तू प्रोसेसर बदलायचं म्हणतेस. बदलायला माझी ना नाही. पण इस्लापुरात बसून पार्ट मागवायचा म्हणजे एक चुकला की परत पाठवण्यात आणि दुसरा येण्यात लग्नाची तारीख निघून जाते. म्हणून मागवायच्या आधी चार गोष्टी ऐकून घे.

पहिलं काम फुकटचं आहे. जिथं मशीन रखडतं तोच प्रोजेक्ट उघड, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं कर आणि काम चालू असताना बघत बस. सगळे चौकोन वरपर्यंत भरले असतील तर मशीनला जास्त कोर हवेत. एखाद-दुसराच भरलाय आणि बाकीचे खालीच पडून आहेत, तर कोर वाढवून काही होणार नाही, एकेका कोरचा वेग वाढवायला लागेल. सीपीयू निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसरला हातही लावू नकोस, एसएसडी घे. रॅम भरून गेली असेल तर रॅम घाल. माणसं प्रोसेसर बदलतात आणि दुखणं डिस्कचं असतं, हे फार होतं.

जीन अ‍ॅम्डाल या इंजिनिअरने १९६७ साली एक हिशेब मांडला, तो तुझ्या कामाला तंतोतंत लागू पडतो. समज, एका व्हिडिओला एक तास लागतो. त्यातली वीस मिनिटं अशी, की एक काम झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. उरलेली चाळीस मिनिटं वाटून घेता येतात. प्रोसेसर दुप्पट केले तर चाळिसाची वीस होतात, तासाची चाळीस मिनिटं. शंभर प्रोसेसर लावलेस तरी पहिली वीस मिनिटं काही सुटत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० केला, त्यात कितीतरी प्रोसेसर एकत्र जोडले होते. पण तसल्या मशीनसाठी प्रोग्रामही काम वाटून घेईल असा लिहावा लागतो. फोटोशॉपमधलं बरंचसं काम असं वाटलं जात नाही. थ्रीडी रेंडरिंग मात्र पुरतं वाटलं जातं. तू अल्बम आणि मिक्सिंग करतेस, थ्रीडी नाही. म्हणून तुझ्यासाठी माझा कौल कमी कोरच्या पण वेगवान प्रोसेसरला.

आता नीट ऐक, कारण बहुतेकांचा पैसा इथंच बुडतो. तुझ्या मशीनमध्ये झिऑन ई५-२६२० आहे, सहा कोर, दोन गिगाहर्ट्झचा, टर्बोवर अडीच. ही ई५-२६०० मालिका इंटेलने मार्च २०१२ मध्ये आणली. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यातच व्ही२ आली. खाचा त्याच, सॉकेट तोच एलजीए २०११. पण सॉकेट जुळला म्हणजे बोर्ड चालवेलच असं नाही. मशीन सुरू होताना एफ१० दाबून बायोसमध्ये जा आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बूट ब्लॉकची तारीख बघ. ती २८ डिसेंबर २०११ असेल तर त्या बोर्डावर व्ही२ कधीच चालणार नाही, बायोस कितीही अपडेट केलास तरी. बूट ब्लॉक बदलत नसतो. तारीख ६ मार्च २०१३ असेल तर रस्ता मोकळा. आधीच्या झेड६०० आणि झेड८०० मध्येही हीच अडचण होती, २००९ चा बूट ब्लॉक असला की झिऑन ५६०० मालिका चालायची नाही. म्हणून बाहेरच्या डब्याचं मॉडेल बघून कुणी ‘चालेल’ म्हणालं तर ऐकू नकोस. त्या तारखेचा फोटो काढून ठेव आणि मगच मागव. व्ही३ मात्र कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नकोस, त्याचा सॉकेट वेगळा आणि रॅम डीडीआर४.

तारीख जुळली तर ई५-२६६७ व्ही२ बघ. आठ कोर, ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोवर ४ पर्यंत. २६९७ व्ही२ मध्ये बारा कोर आहेत, पण मूळ वेग २.७, टर्बो ३.५. आकडा मोठा दिसतो म्हणून त्याच्या मागं लागू नकोस. दोन्ही १३० वॅटचे आहेत आणि तुझा २६२० ९५ वॅटचा. म्हणजे उष्णता वाढणार. आपल्याकडं मे महिन्यात बंद खोलीत कुलर लावून एक्सपोर्ट चालतं, तेव्हा हीटसिंकमधली धूळ आधी काढ आणि पंखा नीट फिरतोय का ते बघ.

दुकानदार दुसरा प्रोसेसरही घ्या म्हणेल. झेड६२० मध्ये दुसरा प्रोसेसर वेगळ्या उभ्या बोर्डावर बसतो. तो बोर्ड, त्याचं हीटसिंक, पंखा, त्याच्या चार खाचांत त्याची स्वतःची रॅम, एवढं सगळं आलं तरच त्याचा उपयोग. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे लागतात. नावातला पहिला आकडा १ असेल, म्हणजे ई५-१६५० वगैरे, तर तो जोडीनं चालतच नाही. विंडोज होम असेल तर ती दुसऱ्या सॉकेटकडं बघत नाही, प्रो लागते. तुझ्या कामाला एकच वेगवान पुरे. उरलेल्या पैशात रॅमच्या सारख्या चार पट्ट्या घे, कारण हा प्रोसेसर चार वाटांनी रॅम वाचतो. त्या सगळ्या एकाच प्रकारच्या ईसीसी हव्यात, रजिस्टर्ड आणि साध्या एकत्र मिसळू नकोस.

प्रोसेसर हातात आला की वरचं कोरलेलं बघ. एसआरने सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड हवा. क्यूने सुरू होणारा चार अक्षरांचा कोड असेल किंवा ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलं असेल, तर तो चाचणीसाठीचा नमुना आहे. परत कर.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेव, कारण ती तुझ्या रोजच्या कामाची आहे. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. साध्या कोअर आय-सेव्हनवर एडियस या एडिटिंग प्रोग्राममधलं एच.२६४ एक्सपोर्ट क्विक सिंकमुळं भराभर होतं, ते या मशीनवर होणार नाही, कितीही भारी झिऑन घाल. कॅमेऱ्याच्या फाइल टाइमलाइनवर अडखळतात त्यावर उपाय हा, की त्या आधी एडियसच्या एचक्यूएक्समध्ये बदलून घे किंवा प्रॉक्सी कर. जागा भरपूर लागेल, पण एडिटिंग लोण्यासारखं चालेल. हे आजच करून बघ. कदाचित प्रोसेसर मागवायची गरजच पडणार नाही. आणि या पिढीला एव्हीएक्स२ नाही. प्रीमिअरच्या नव्या आवृत्त्या ते मागतात, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नकोस, आणि नव्या मशीनच्या निम्म्या किमतीएवढा खर्च यावर कधीच करू नकोस.

बदलायचं ते आषाढी एकादशीनंतर. चातुर्मासात मुहूर्त नसतात, मशीन दोन दिवस उघडं पडलं तरी कुणाचा अल्बम अडत नाही. आधी जुन्याच प्रोसेसरवर बायोस अपडेट कर, यूपीएस पूर्ण चार्ज करून, आणि लाईट जायच्या वेळा टाळून. अपडेट अर्ध्यावर तुटलं तर बोर्ड गेलाच समज. मग थोडा वेळ मशीन चालव, हीटसिंकखालची पेस्ट मऊ झाली की बंद कर, वायर काढ, हीटसिंकचे चार स्क्रू कोपऱ्याला समोरचा कोपरा असे थोडेथोडे सैल कर. या सॉकेटच्या पिना खाली बोर्डावर असतात. एक वाकली तरी रॅमच्या एखाद्या वाटेचा पत्ता लागत नाही, म्हणून प्रोसेसर सरळ खाली ठेव, सरकवू नकोस, दाबू नकोस. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मध्यभागी मटारएवढी नवी लाव.

सुरू झालं की बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा पूर्ण आकडा बघ. मग तुझ्याकडं असलेला सगळ्यात लांबलचक लग्नाचा प्रोजेक्ट भर दुपारी एक्सपोर्टला लाव, आणि तापमान कुठं जाऊन टेकतं ते शेवटपर्यंत बघ. जुना २६२० विकू नकोस. आलेल्या डबीत घालून, वर मशीनचं नाव लिहून ठेव. ऐन तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत नव्याला काही झालं तर दुकान त्याच्यावर चालेल.