कॉफीच्या भांड्यात पाणी कोण ढकलते?

कॉफीची एकच पूड विकत आणा, तिचे चार सारखे भाग करा आणि ते चार घरी वाटून टाका. एका घरी ती दूध-साखरेबरोबर पातेल्यात उकळतील, वर जायफळ किसतील आणि गाळण्याने गाळतील. दुसऱ्या घरी स्टीलच्या किंवा पितळेच्या दुमजली फिल्टरमधून तिचा थेंब थेंब अर्क काढतील. तिसऱ्या घरी विस्तवावर ठेवायचे इटालियन मोका पात्र असेल, तर चौथ्या घरी काचेच्या उभट भांड्यात जाळीचा दट्ट्या खाली दाबतील. आता चारही घरची कॉफी चाखून पाहा. एक सौम्य, एक दाट, एक कडसर, तर एक गढूळ! पूड एकच, पाणीही एकाच नळाचे. मग हा फरक आला कोठून?

"करणाऱ्याच्या हाताला चव असते," असे उत्तर तुम्हांला घरात मिळेल. ते खोटे नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. आपण प्रश्न जरा निराळ्या रीतीने विचारू या. या प्रत्येक भांड्यात पाणी आणि पूड एकत्र येतात आणि मग वेगळी होतात. त्या वेळी पाणी पुडीच्या थरातून पलीकडे जाते ते कोणाच्या जोरावर?

प्रथम पुडीकडे पाहू. भाजून दळलेल्या कॉफीचा वजनाने सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. उरलेला भाग म्हणजे लाकडासारखा चोथा. पण विरघळणारे सगळेच आपल्याला हवे असते असे नाही. आंबूस व सुवासिक पदार्थ आधी उतरतात, कडू व तुरट पदार्थ मागाहून. म्हणून चवीचे जाणकार पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के एवढाच भाग पेल्यात उतरावा असे मानतात. म्हणजे १० ग्रॅम पुडीतून सुमारे २ ग्रॅम! त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट व पोकळ लागते, जास्त उतरला तर कडू होते. तरतरी आणणारे कॅफीन मात्र गरम पाण्यात भराभर उतरते. साध्या थंड पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ते जेमतेम २ ग्रॅम विरघळते, तर उकळत्या पाण्यात ६० ग्रॅमहून अधिक. तेव्हा कॉफी खूप वेळ उकळली म्हणजे ती अधिक तरतरी आणते, ही समजूत काही खरी नव्हे. उकळण्याने वाढतो तो मुख्यतः कडूपणा, आणि सुवास मात्र स्वयंपाकघरभर उडून जातो.

पूड किती बारीक आहे यावर बरेच काही अवलंबून असते. १ सेंमी. बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचे १ मिमी. बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौ. सेंमी. होते, आणखी बारीक करून बाजू ०.१ मिमी. केली, तर ६०० चौ. सेंमी. पाण्याला शिवायला जितकी जागा जास्त, तितका अर्क लवकर उतरतो. मग सगळ्यांनीच पिठासारखी पूड का वापरू नये? याचे उत्तर एका फ्रेंच अभियंत्याने शोधलेल्या नियमात आहे, आणि त्याला कॉफीशी काही कर्तव्य नव्हते.

आंरी दार्सी हा फ्रान्समधील दिजाँ गावचा. गावाला पाणी पुरवण्याच्या कामी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने गळते याचे त्याने प्रयोग केले आणि १८५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. थराच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. थराची जाडी दुप्पट केली की तो निम्मा होतो. पुढे असेही दिसून आले, की कणांचा व्यास निम्मा केला तर पाण्याची वाट सुमारे चौपट बिकट होते. शिवाय पाणी गरम असेल तर ते सहज वाहते. ९० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता २० अंशांच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी असते. वाळूच्या जागी कॉफीची पूड कल्पा, म्हणजे आपल्या चारही भांड्यांची किल्ली हाती आली!

आता दक्षिणी फिल्टर घेऊ. मुंबईत माटुंग्याच्या उपाहारगृहांतून फिल्टर कॉफी मराठी माणसाच्या परिचयाची झाली आणि अनेक घरांत हे दुमजली भांडेही आले. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात पूड घालून वर दांड्याची चकती हलकेच दाबायची आणि उकळते पाणी ओतायचे. येथे पाणी ढकलते ते केवळ गुरुत्वाकर्षण. पाण्याची उंची ५ सेंमी. धरली, तर दर चौ. सेंमी.वर जेमतेम ५ ग्रॅम भार येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे दोनशेवा हिस्सा. एवढ्याशा जोरावर काम चालायचे असेल, तर घाई करून कसे भागेल? अर्क उतरायला पंधरा-वीस मिनिटे आणि कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो तो यामुळेच. चकती जोराने दाबली किंवा पूड पिठासारखी घेतली, की थेंब पडणे बंद.

पण कधी कधी पूड योग्य असूनही फिल्टर अडून बसतो. अशा वेळी घरातील अनुभवी बाई वरचे भांडे किंचित उचलून पुन्हा ठेवते, आणि थेंब पडू लागतात. यात जादू नाही, बॉइलचा नियम आहे. समजा, खालच्या भांड्यात २०० मिलिलिटर हवा आहे आणि वरचे भांडे तिच्यावर अगदी घट्ट बसले आहे. १ मिलिलिटर अर्क खाली पडला की हवेला १९९ मिलिलिटर जागा उरते, म्हणून तिचा दाब दोनशेव्या हिश्शाने वाढतो. पाण्याचा एकूण जोरही तेवढाच होता! म्हणजे वीसेक थेंबांतच दोन्ही बाजूंची बरोबरी होऊन काम थांबणार. गरम अर्काने आतली हवा तापते, ती अडचण वेगळीच. प्रत्यक्षात सांध्यातून थोडी हवा निसटत राहते म्हणून फिल्टर चालतो. सांधा ओला होऊन बंद झाला, की रुसतो. भांडे उचलणे म्हणजे कोंडलेल्या हवेला वाट देणे.

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी राहणाऱ्या मेलिटा बेंट्स या गृहिणीला कॉफीतील चोथ्याचा कंटाळा आला होता. तिने पितळी भांड्याला भोके पाडली आणि आपल्या मुलाच्या शाळेच्या वहीतील टीपकागद त्यात घातला. कागदी गाळणीची ही सुरुवात १९०८ सालची. येथेही जोर गुरुत्वाकर्षणाचाच. पण कागद बारीक कण अडवतो, म्हणून पूड चकतीने दाबून बसवावी लागत नाही आणि तीन-चार मिनिटांत काम होते. कागद आणखी एक गोष्ट अडवतो, ती मेलिटाबाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल व काहवेओल नावाचे पदार्थ असतात आणि ते रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. ते कागदात बऱ्याच अंशी अडकतात, धातूच्या जाळीतून मात्र पार होतात. दिवसातून चार-पाच वेळा न गाळलेली कॉफी पिणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे अवश्य सांगा.

जाळीच्या दट्ट्याच्या भांड्यात पाणी पुडीतून जातच नाही. पूड पाण्यात चारेक मिनिटे मुरते आणि मग जाळी पुडीला तळाशी नेते. जोर आपल्या हाताचा. येथे पूड रव्यासारखी जाडसर हवी. बारीक पूड जाळीखाली साचून घट्ट थर बनतो आणि दट्ट्या अडतो. अशा वेळी अंगाचा भार टाकून तो दाबणे धोक्याचे आहे. दट्ट्या एकाएकी तिरका होऊन निसटतो आणि उकळती कॉफी कडेने उसळून हातावर येते. अडला तर थोडा वर घ्या, क्षणभर थांबा, मग सावकाश दाबा.

आता मोका पात्र. १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ते बाहेर पडले. त्याचा ॲल्युमिनियमचा अष्टकोनी आकार आजही ओळखू येतो. खालच्या कप्प्यात पाणी. त्यात जवळजवळ तळापर्यंत गेलेली नळी असलेले पुडीचे भांडे. वरच्या कप्प्यात तयार कॉफी. ते विस्तवावर ठेवले की पाणी उलट वर चढते! "पाण्याची वाफ होते, ती पुडीतून वर जाते आणि वर पुन्हा तिचे पाणी होते," असा खुलासा पुष्कळ जण करतात. तो चूक आहे. वाफ वर गेली असती, तर तळाजवळ पोचणाऱ्या नळीचे प्रयोजनच काय?

खरे काय होते ते आकड्यांनीच पाहू. खालच्या कप्प्यात पाण्यावर थोडी हवा कोंडलेली असते. सुरुवातीला तापमान २७ अंश, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०० अंश आणि एकूण दाब १ वातावरण धरा. पाणी ७० अंशांपर्यंत, म्हणजे निरपेक्ष ३४३ अंशांपर्यंत तापले, की त्या हवेचा दाब सुमारे १.१ वातावरण होतो. ७० अंशांच्या पाण्यावर वाफेचा दाब असतो ०.३ वातावरण. दोन्ही मिळून १.४. बाहेर १ आहे, म्हणजे ०.४ वातावरण जादा दाब आला, आणि पाणी अजून उकळलेलेही नाही! एवढा दाब पाण्याला नळीतून सुमारे ४ मीटर उंच चढवू शकतो. त्याला चढायचे असते दहा-बारा सेंटिमीटर. बाकीचा सगळा जोर पुडीच्या थराशी झगडण्यात खर्च होतो, दार्सीच्या नियमाने. म्हणूनच मोका पात्रात फिल्टरपेक्षा बारीक पूड चालते आणि अर्क एक-दोन मिनिटांत वर येतो.

पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली गेली, की मग मात्र वाफच वर धावते आणि गुरगुर आवाज येतो. तो ऐकताच भांडे उतरवावे. ती वाफ पुडीतील उरलेसुरले कडू पदार्थ ओरबाडून नेते. पुष्कळांना मोकाची कॉफी आवडत नाही ती या शेवटच्या अर्ध्या मिनिटापायी, असे मला वाटते.

खालच्या कप्प्याला बाजूने एक छोटी पितळी झडप असते. पाणी नेहमी तिच्या खालीच भरावे. पिठासारख्या पुडीने वाट बंद झाली, तर पाणी वर जाऊ शकत नाही आणि तापतच राहते. १२० अंशांना वाफेचा दाब २ वातावरण होतो (आपला प्रेशर कुकर साधारण तेवढ्यावर शिटी देतो), तर १५० अंशांना ४.७. कप्प्याचा व्यास ६ सेंमी. असेल, तर क्षेत्रफळ २८ चौ. सेंमी. भरते. १५० अंशांना वरचा भाग शंभर किलोंहून अधिक जोराने उडू पाहतो! तसे होण्याआधी झडप उघडून वाफ सोडते. पण विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी रोज वापरले, तर तिच्यात क्षारांचे पुट चढते आणि ती उघडेनाशी होऊ शकते. घरी मोका पात्र असेल, तर ते थंड असताना झडपेची पिन बोटाने हलते का, हे वडील माणसांना पाहायला सांगा. हलत नसेल, तर झडप बदलेपर्यंत ते भांडे वापरू नये.

मोकातील तत्त्व विस्तवाशिवायही पाहता येते. लहान बाटली थंड पाण्याने निम्मी भरा. झाकणाला भोक पाडून पेय पिण्याची नळी पाण्यात बुडेल अशी बसवा आणि सांधा मेणाने किंवा मळलेल्या कणकेने बंद करा. ही बाटली हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. नळीत पाणी चढू लागेल, कदाचित वरून गळूही लागेल. मग बाटली थंड पाण्यात ठेवा आणि काय होते ते पाहा. ज्यांनी काचेचे दोन गोळे असलेले सायफन यंत्र पाहिले आहे, त्यांना आता उमगेल, की ज्योत काढल्यावर वरची कॉफी खाली का खेचली जाते. खरे तर ती खेचली जात नाहीच. खालच्या गोळ्यातील वाफेचे पाणी झाल्याने तेथे दाब घटतो आणि बाहेरचे वातावरण तिला ढकलते.

विजेवर चालणाऱ्या साध्या ठिबक यंत्रात पाणी वर चढवायला पंप असेल असे वाटते, पण बहुतेकांत तो नसतो. १९५४ साली जर्मनीत 'विगोमाट' नावाचे असे यंत्र निघाले. अशा यंत्रांत बारीक नळी तळाशी तापते, वाफेचे बुडबुडे पाण्याचे लहान लहान घोट वर लोटतात, आणि एकदिशा झडप ते मागे येऊ देत नाही. भात शिजताना झाकण थडथडते, त्याचाच हा सख्खा भाऊ.

उरले एस्प्रेसो यंत्र. त्यात पंपाने सुमारे ९ वातावरण दाब दिला जातो, म्हणजे ९० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. आपल्या फिल्टरमधील ५ सेंमी. पाण्याच्या तो १८०० पट झाला. तरी कॉफी उतरायला लागतात २५ ते ३० सेकंद, म्हणजे फिल्टरच्या वीस मिनिटांच्या केवळ चाळिसाव्या हिश्शाएवढा वेळ. दाब १८०० पट, मग वेळ १८०० पटीने कमी का झाला नाही? दार्सीच्या नियमातील बाकीच्या राशी एकेक तपासा आणि उत्तर वर्गात मांडा. पूड किती बारीक असते, ती किती दाबून बसवतात आणि पेल्यात पाणी किती उतरते, हे तिन्ही विचारात घ्यायला विसरू नका.