पालीची कात कुठे जाते?

आमच्या धामणगाव रेल्वेच्या आसपास पऱ्हाटीचे ढीग उचलताना किंवा बांधावरच्या दगडांच्या फटीत सापाची कात सापडली नाही, असे वर्ष जात नाही. मुले ती काठीवर अडकवून मोठ्या ऐटीत शाळेत घेऊन येतात. पण विद्यार्थी मित्रांनो, पालीची कात तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे काय? साप वर्षातून एखादे वेळी दिसतो. पाल तर रोज रात्री दिव्यापाशी हजर असते. तीही सापासारखीच कात टाकते. मग घर झाडताना केरात ती कधी का सापडत नाही?

गेल्या वर्षी मार्च महिन्यात नववीतील एका विद्यार्थ्याने काचेच्या मोठ्या बरणीत एक पाल ठेवून शाळेत आणली. झाकणाला भोके, आत पुठ्ठ्याचा तुकडा आणि दिव्याखाली गोळा केलेले किडे, असा सगळा जामानिमा होता. "सर, दोन दिवस झाले, काहीच खाऊन नाही राहिली. मरते का जी?" असे त्याने काळजीने विचारले. पालीचा रंग राखेसारखा फिका पडला होता. किडे अगदी तिच्या नाकासमोरून जात होते, पण ती ढिम्म हलत नव्हती. बरणीवर टिचकी मारली की तेवढी पुठ्ठ्याखाली सरके.

कापसाचा ओला बोळा आत टाकायला सांगून मी बरणी प्रयोगशाळेत सावलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पाल टवटवीत! रंग उजळ, अंगावर नवी झिलई. किडे होते तसेच जिवंत. आणि बरणीत कातीचा एक तुकडाही नव्हता. फक्त मागच्या पायाच्या एका बोटाला पांढरट चिंधी चिकटलेली होती. मी तासावर गेलो असताना त्या मुलाने ती चिमट्याने ओढून काढली, आणि चिंधीबरोबर बोटाचे टोकही निघून आले. तो रडवेला झाला. दोष माझाही होता. "हात लावू नकोस" एवढे सांगायला मी विसरलो होतो.

पाल जेवत का नव्हती, कात गेली कुठे आणि बोट तुटले का, या तिन्ही गोष्टींचे उत्तर तिच्या कातडीत आहे.

आपलीही कातडी झिजते. पण तिच्यातील मृत पेशी रोज थोड्याथोड्या गळतात, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. पाल, सरडा, सापसुरळी, साप यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांच्या बाह्यत्वचेचा वरचा भाग किरॅटिन नावाच्या चिवट शृंगद्रव्याचा बनलेला असतो आणि तो ठरावीक काळाने एकदमच बदलतो. त्यासाठी आधी जुन्या थराच्या खाली नवा थर संपूर्ण तयार होतो. काही दिवस प्राण्याच्या अंगावर एकावर एक असे दोन अंगरखे असतात म्हणा ना! नवा पक्का झाला की दोहोंच्या मधल्या पेशी सैल पडतात, तेथे द्रव झिरपतो आणि जुना थर सुटतो. रंग फिका, दुधाळ दिसतो तो याच वेळी, कारण खालचे रंग आपण दोन थरांतून पाहत असतो.

कात वाढीसाठी टाकली जाते, असे उत्तर विद्यार्थी परीक्षेत लिहितात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पिल्ले भराभर वाढतात आणि वारंवार कात टाकतात, हे खरे. परंतु पूर्ण वाढ झालेली पालही आयुष्यभर कात टाकतच राहते. झिजलेले आवरण बदलणे हेही त्यामागचे मोठे कारण आहे.

आता उपासाकडे वळू. नवी त्वचा तयार करायला प्रथिने लागतात, पाणी लागते, शक्ती लागते. शरीराचा बराच खर्च त्या दिवसांत तिकडे होत असतो. शिवाय सैल झालेली जुनी कातडी अंगावर ताठरपणे बसलेली असल्याने हालचाल अवघडते. डोळ्यांचे तर आणखी वेगळे. आपल्या घरातील पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते, ते ती जिभेने चाटून पुसते. हे आवरणही त्वचेचाच भाग असल्यामुळे कातीबरोबर बदलते. पाल शिकार करते ती प्रामुख्याने नजरेच्या जोरावर. अंग अवघडलेले आणि नजर मंद अशा स्थितीत दिव्याजवळ उघड्यावर बसणे म्हणजे मांजरीला आमंत्रणच. तेव्हा आडोशाला जाऊन स्वस्थ बसणे आणि खाण्याची वासना कमी होणे, हे आजाराचे लक्षण नसून त्या काळापुरती बदललेली वागणूक आहे. काही पाली एरवी शांत असूनही या दिवसांत चिडखोर होतात, स्पर्श केला की तोंड वासून अंगावर येतात. सरडाही असाच कुंपणाच्या काट्यांना अंग घासत हिंडतो. त्याची कात मात्र तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून तो जागोजागी भुरा, ठिगळे लावल्यासारखा दिसतो.

आणि कात? ती पालीने खाल्ली! समोर जिवंत किडा असताना त्याला न शिवणारी पाल स्वतःची कात मात्र सोडत नाही. आधी ती नाक भिंतीला किंवा दगडाला घासते. तोंडाजवळची कातडी फाटली की ती जबड्यात धरून ओढते. पायाची कातडी तर आपण हातमोजा काढावा तशी निघते. ओढत जाते आणि गिळत जाते. हे काम रात्री आडोशाला आणि थोड्या वेळात उरकते, म्हणून आपल्या दृष्टीस पडत नाही. बस्टर्ड आणि मॅडरसन या शास्त्रज्ञांनी १९६५ साली सरड्या-सापांच्या वर्गातील प्राण्यांच्या या कात खाण्याच्या सवयीवर एक शोधनिबंध लिहिला होता. त्यातील बस्टर्ड हे पुढे १९७० नंतरच्या दशकात भारतातील मगर संवर्धन प्रकल्पाचे सल्लागार म्हणून आपल्याकडे आले. कातीतील प्रथिने वाया जाऊ नयेत आणि मागे राहिलेल्या कातीवरून शत्रूला लपण्याची जागा कळू नये, असे दोन्ही लाभ या सवयीत सांगितले जातात. पहिला मला अधिक पटतो. ज्या कातडीपायी उपास घडला, तिचाच काही भाग परत पोटात जातो, हा हिशेब चोख आहे.

पालीच्या बाबतीत कातीला आणखी एक महत्त्व आहे. पाल छताला उलटी चालते ती तळव्यावरील सूक्ष्म केसांच्या आधाराने. ईशान्य भारतात आढळणाऱ्या टोके या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात. प्रत्येकाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, आणि त्याच्या टोकाला पुन्हा शेकडो फाटे! हे फाटे भिंतीच्या इतके निकट जातात की रेणूंमधील व्हॅन डर वाल्स आकर्षणाने पाय चिकटतो, असे २००२ साली प्रयोगाने दाखवण्यात आले. हे केस त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातूनच उगवतात. चालून चालून ते झिजतात आणि मळतात. जुन्या कातीखाली मात्र नव्या केसांचा कुंचला तयार होत असतो. कात निघाली की पालीला कोऱ्या करकरीत तळव्यांचा लाभ होतो.

यावरून बोटाला चिकटलेल्या चिंधीचे गांभीर्य ध्यानात येईल. हवा कोरडी असली की जुना थर मऊ पडत नाही, नीट सुटत नाही. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा हवेत ओलावा असा कुठे उरतच नाही. म्हणूनच उन्हाळ्यात पाली माठाच्या तिवईखाली, मोरीच्या कोपऱ्यात आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमागे जमतात. घरच्या मंडळींना ते मुळीच आवडत नाही! कातीचे कडे बोटाभोवती राहिले, तर वाळून ते आवळत जाते. रक्तपुरवठा तुटतो आणि बोट निर्जीव होऊन गळते. बरणीतल्या पालीचे बोट बहुधा आधीच असे अर्धे निकामी झालेले असावे. चिमटा केवळ निमित्त झाला. शेपूट तुटली तर पालीला पुन्हा येते. बोट येत नाही.

परदेशात हौसेने पाळल्या जाणाऱ्या सरड्या-पालींत लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल, फार लोकप्रिय आहे. ती मूळची पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूची. तिला पापण्या असतात, पण तळव्यांवर चिकटणारे केस नसतात, त्यामुळे ती जमिनीवरच राहते. कातीच्या वेळी ती रुसून बसली की नवखे पाळणारे घाबरून तोंड उघडून अन्न कोंबतात. तसे करू नये. उलट न खाल्लेले जिवंत किडे बाजूला काढावेत, कारण रातकिडे निपचित पालीला कुरतडतात. ओलसर शेवाळ किंवा कापड घातलेला एक बंद कोपरा दिला की बहुतेक काम आपोआप होते. राहिलेली चिंधी असल्यास कोमट पाण्याने भिजवून, मऊ झाल्यावरच अलगद सोडवावी. कोरडी कधीही ओढू नये. या पालीची एक बहीण आपल्या शेजारच्या सातपुड्यात राहते. भारतीय संशोधकांनी २०१४ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि नावातही सातपुडा आणला. अशा ठिपकेदार पाली दिसल्या की लोक विषारी समजून ठेचतात. भारतातील एकही पाल विषारी नाही.

मात्र हे वाचून रानातून कोणी काही पकडून आणू नये. घोरपडीला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; ती पकडणे हा गुन्हा आहे. निरीक्षणासाठी भिंतीवरची पाल पुरेशी आहे. रोज रात्री ठरावीक वेळी वहीत लिहा: पाल दिव्यापाशी आली का, रंग कसा होता, किती किडे टिपले. एकदोन रात्री ती दिसली नाही किंवा फिकी दिसली आणि नंतर एकदम उजळ होऊन परतली, तर मधल्या काळात काय घडले ते तुम्ही ओळखालच. थंडीतही पाल खात नाही, पण तेव्हा कारण निराळे असते. शीत रक्ताच्या प्राण्याला पचनासाठी बाहेरची ऊब लागते. आणि उपास आजाराचा तर नाही ना, अशी शंका आली तर शेपटीकडे पाहा. पाल शेपटीच्या बुडाशी चरबी साठवते. कातीच्या चार दिवसांच्या उपासाने ती शेपूट भरलेलीच राहते. आजारी पालीची मात्र दोरीसारखी वाळत जाते आणि डोळे खोल जातात.

अशा नोंदींत एक अडचण हमखास येते. सगळ्या पाली सारख्याच दिसतात, मग कालची तीच ही, हे कसे ओळखायचे? आमच्यापुरती ती सुटली आहे. बरणीतली पाल आम्ही त्याच दिवशी प्रयोगशाळेत सोडली. ती आता खिडकीवरच्या दिव्यामागे राहते, आणि तिच्या मागच्या डाव्या पायाला चारच पुरती बोटे आहेत. तिच्या कातीच्या तारखा लिहिण्याचे काम त्या विद्यार्थ्याने स्वतःहून मागून घेतले आहे.