बालकांचे हात व अंगणांतली माती

भोसरी, मोशी, चाकण ह्या भागांत आज कारखान्यांवर पोट भरणारीं अनेक कुटुंबें एकेका खोलींत बिऱ्हाड करून राहतात. अशा घरीं चार वर्षांच्या मुलानें भिंतीवर कोळशाची रेघ ओढली, कीं त्यास चापट बसते. आणि सायंकाळीं त्याच मुलास पाटीवर अक्षर गिरवावयास बसवितात. आईबापांची तळमळ खरी आहे. परंतु ज्या बोटांनीं अक्षर काढावयाचें, तीं तयार करणारी रेघच आपण पुसून टाकितों, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून ह्या पाठांत बालकांच्या हातांविषयीं विचार करूं.

बालकाच्या रेघोट्या निरर्थक नसतात. दोन वर्षांचें मूल हात फिरेल तशी रेघ ओढतें. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्याचें वाटोळें पुरें होऊं लागतें. पुढें त्या वाटोळ्यासच दोन पाय फुटतात आणि मूल म्हणतें, "ही आई." धड नसलेली ही आई पाहून हंसूं नये. एका खुणेनें एक वस्तु दाखवितां येते, हें त्यास उमगलें आहे. आणि अक्षर तरी खूणच नव्हे काय? माती मळतांना व कागद घडतांना बोटांत जें बळ येतें, तेंच पुढें लेखणी धरितें.

साहित्यास पैसा कोठून आणावा, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर आपल्याच प्रांतांत मिळालें आहे. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें, बालवाडीचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. माँटेसरी पद्धतीचीं महाग साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं, म्हणून त्यांनीं शिंपले, खडे, बिया, पानें व माती हींच साधनें केलीं. गरीब वस्तीचीं मुलें बालवाडीस येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली.

आपल्याकडेही हें बीज आहे. दिवाळींत मुलें दगडमातीचा किल्ला रचितात. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध झुंजविलेला संग्रामदुर्ग तर चाकण गांवांतच आहे. मुलांचा बुरूज ढासळला, म्हणजे माती किती ओली हवी हें त्यांच्या हातांस कळतें. मग ही शाळा वर्षांतून चारच दिवस कां भरावी?

पुढील गोष्टी घरीं व अंगणवाडींत कराव्या:

१. चाळलेली माती भिजवून रोज थोडा वेळ मुलांपुढें ठेवावी. काय करावें हें सांगूं नये.

२. हळद, गेरू व कोळसा हे रंग पुरेत. हळदीनें रंगविलेल्या कागदावर कपड्यांच्या साबणाचें पाणी मोठ्यांनीं लावून दाखवावें. पिवळा रंग तांबडा होतो. कारण लगेच सांगूं नये, मुलांचे तर्क ऐकावे.

३. कारखान्यांतून येणारीं पुठ्ठ्याचीं स्वच्छ खोकीं उपयोगी पडतात. परंतु तेलकट चिंध्या, लोखंडाचा कीस, रंगांचे व रसायनांचे डबे मुलांच्या हातीं कदापि देऊं नयेत. गुंजा व एरंडाच्या बिया विषारी आहेत. तीन वर्षांखालील मुलांस कोणतेंही बारीक बी किंवा मणी देऊं नये. तें नाकांत वा घशांत अडकतें.

४. मुलाचें चित्र मोठ्यांनीं सुधारूं नये. "ह्याविषयीं मला सांग" एवढेंच म्हणावें, आणि तें बोलूं लागलें कीं हातांतलें काम ठेवून ऐकावें.

घरमालक भिंतीसाठीं रागावेल, ही भीति रास्त आहे. त्यास उपाय सोपा आहे: मुलाच्या उंचीला जुन्या वर्तमानपत्राचा एक मोठा कागद चिकटवावा व हातीं कोळसा द्यावा. येत्या आठवड्यांत प्रत्येक घरानें एवढें करून पाहावें. कागद भरला म्हणजे तो फेंकूं नये. त्यावर तारीख घालून जपून ठेवावा. सहा महिन्यांनीं तो दुसऱ्या कागदाशेजारीं ठेवून पाहिला, म्हणजे आपलें मूल किती शिकलें हें निरक्षर मातेसही वाचतां येईल.